दुसऱ्याच्या गोष्टीत आपली ओवी
रुक्मिणीच्या लग्नाची पुनर्लेखने आणि आजचे चाहतेलेखन

आवडत्या कथेतली पात्रे घेऊन चाहत्याने स्वतःची कथा लिहायची, याला आज 'फॅन फिक्शन' म्हणतात. मराठीत आपण 'चाहतेलेखन' म्हणू. या लेखनाविषयी आपल्याकडे जी थोडी चर्चा होते ती मूळ लेखकाच्या हक्कापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एका चाहत्याने लिहिलेली कथा दुसऱ्या चाहत्याला आवडली, पण पुरेशी वाटली नाही, आणि त्याने ती पुन्हा लिहायला घेतली, तर त्याने नेमके काय करावे? कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये?

प्रश्न हवेतला नाही. जाम हे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे, चंद्रपूरचा फाटा फुटतो ते गाव. इथेही कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाइलवर 'प्रतिलिपी' उघडून मालिकांतल्या नायक-नायिकांच्या पुढच्या कथा वाचतात, काही जणी लिहितातही. त्यांतल्या एकीने मला विचारले होते : दुसरीने लिहिलेल्या कथेचा शेवट मला पटला नाही, तो बदलून मी लिहिला तर ती चोरी होते का? इंग्रजीतल्या चाहत्यांनी या व्यवहाराला 'रीमिक्स' असे नाव दिले आहे आणि त्याचे संकेतही ठरवले आहेत. त्यांच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे तिकडे हे लेखन आता दाराबाहेर उभे नाही. पण उत्तरासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर लागते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते ओळखले जाते. तिच्या लग्नाची गोष्ट मराठीत सातशे वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा लिहिली गेली आहे. एक भक्त लिहितो, दुसरा त्याच गोष्टीत आपली ओवी घालतो. भक्ताला चाहता म्हटले म्हणून कोणी रागावू नये. भक्तासाठी गोष्ट खरी असते, चाहत्यासाठी ती लाडकी असते, हा फरक मला मान्य आहे. मात्र दोघेही एकाच जागेवरून लिहितात : गोष्ट आधीच सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही आपल्याला ती सांगायची आहे.

मूळ कथेतल्या मोकळ्या जागा

भागवताच्या दशम स्कंधात ५२ ते ५४ या तीन अध्यायांत ही कथा येते. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याचा थोरला मुलगा रुक्मी, आणि मुलगी रुक्मिणी. रुक्मीने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले आहे. ती एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठवते. या पत्रात नुसते प्रेम नाही, बेतही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलाचाराप्रमाणे नवरी गावाबाहेरच्या देवीच्या देवळात जाते, तिथून मला ने, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या माणसांना मारावे लागणार नाही, असे ती सुचवते. कृष्ण येतो, तिला रथात घेतो. रुक्मी पाठलाग करतो, हरतो. रुक्मिणी भावाच्या जिवासाठी कृष्णाचे पाय धरते. कृष्ण त्याला मारत नाही, पण बांधून त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरतो. बलराम त्याला सोडवतो, कृष्णाला रागावतो आणि वहिनीची समजूत घालतो. लग्न द्वारकेत होते.

कथा भरगच्च असली तरी तिच्यात मोकळ्या जागा बऱ्याच आहेत. ब्राह्मणाला नाव नाही. आईला जवळजवळ काही बोलायला नाही. पत्र पाठवल्यापासून ब्राह्मण परत येईपर्यंत त्या मुलीचे काय झाले असेल, ते थोडक्यात उरकले आहे. द्वारकेतले लग्न तर काही श्लोकांतच संपते. पुढच्या प्रत्येक मराठी कवीने यांतली एकेक जागा धरली. सर्वांनी एकच जागा धरली असती, तर आज आपल्याकडे एकाच काव्याच्या चार प्रती असत्या.

महदाइसा : प्रसंग बदलला की गोष्ट बदलते

मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो ती महदाइसा चक्रधरांची शिष्या. चक्रधरांच्या मागे ती रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या, म्हणजे गुंडम राउळांच्या सान्निध्यात राहिली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. गोविंदप्रभू हे अवलिया पुरुष. त्यांनी एकदा आपले लग्न करायची इच्छा धरली, आणि भक्तांनी तो लग्नाचा खेळ खरोखरच मांडला. लग्न म्हटले की नवरदेवासाठी धवळे गायला हवेत. ते महदाइसेने रचले. विषय अर्थातच कृष्ण-रुक्मिणीचे लग्न.

महानुभाव पंथात गोविंदप्रभू पंचकृष्णांपैकी एक मानले जातात. म्हणजे समोर बसलेला नवरदेव हा गायिकेच्या श्रद्धेने स्वतःच कृष्ण आहे, आणि गाणे कृष्णाच्या पहिल्या लग्नाचे आहे. जुन्या गोष्टीतले एकही पात्र बदललेले नाही, घटनाही त्याच आहेत. बदलला तो फक्त गोष्ट सांगण्याचा प्रसंग. तेवढ्याने भागवतातली कथा अंगणातली झाली. सांगणारी बाई करवलीसारखी वराजवळ उभी आहे, आणि तिला राजांच्या सैन्यापेक्षा लग्नघराची लगबग जवळची आहे. पूर्वार्ध या प्रसंगाने झाला, उत्तरार्ध तिने पुढे रचला.

पुढे तिने 'मातृकी रुक्मिणी स्वयंवर' लिहिले. मातृका म्हणजे वर्णमाला. या रचनेत ओव्या वर्णांच्या क्रमाने येतात. म्हणजे एकच गोष्ट तिने स्वतःच पुन्हा लिहिली, आणि या वेळी हाती घेतले ते अक्षरांचे बंधन. बंधनाचा फायदा काय? धवळ्यात मन भावनेच्या ओघात जाते, जे आठवेल ते ओठांवर येते. अक्षर ठरलेले असले की सवयीचा शब्द कामाला येत नाही, दुसरा शोधावा लागतो, आणि दुसऱ्या शब्दाबरोबर प्रसंगाची दुसरी बाजू दिसते. शिवाय वर्णक्रमाने बांधलेली रचना पाठ करायला सोपी. आपल्याच आवडत्या कथेचे पुनर्लेखन करणाऱ्या कुणाही नवलेखिकेला मी प्रथम हे दोन उपाय सुचवीन : कथा कुणासमोर, कशासाठी सांगितली जाते आहे ते बदला, किंवा स्वतःवर एक काटेकोर अट घालून घ्या. या दोन्हींसाठी कथानकाला हात लावावा लागत नाही.

नरेंद्र आणि भास्करभट्ट : थांबणे आणि पुन्हा सुरू करणे

नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' शके १२१४, म्हणजे इ.स. १२९२ चे मानले जाते. महानुभावांच्या साती ग्रंथांत त्याची गणना होते. नरेंद्राने मोकळी जागा निवडली ती वाट पाहण्याची. कृष्णाचे वर्णन ऐकून झुरणारी रुक्मिणी, तिचा विरह, सख्यांची धावपळ, यांत तो मनसोक्त रमतो. कथा पुढे सरकत नाही म्हणून वाचक कंटाळत नाही, कारण शेवट त्याला आधीपासून माहीत असतो. काय होणार याची उत्सुकता जिथे नसते तिथे थांबण्याची मुभा मिळते. चाहतेलेखनाचे हे मोठे बळ आहे आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. आजच्या पुनर्लेखनांत नवे अपघात, नवे खलनायक, हरवलेली जुळी भावंडे यांची भर पडते. एकाच संध्याकाळीपाशी तीस पाने थांबण्याचे धाडस कुणी करत नाही.

याच पंथातल्या भास्करभट्ट बोरीकरांची हकीकत वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी 'शिशुपाळवध' लिहिले. रुक्मिणीच्या गोष्टीत ज्याची वरात रिकामी परतली त्या शिशुपालाच्या नावाचे हे काव्य, पण त्यातही कवीचे मन कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात गुंतले. परंपरा अशी की, एका गुरुबंधूने काव्याची वाखाणणी केली आणि जोडीने सांगितले की, संसार सोडलेल्यांच्या उपयोगाचे हे नाही. भास्करभट्टांनी वाद घातला नाही आणि शिशुपाळवधातला शृंगार पुसून टाकायलाही ते बसले नाहीत. त्यांनी एकादश स्कंधाकडे वळून 'उद्धवगीता' हा निराळा ग्रंथ लिहिला. टीका ऐकून जुन्या लेखनाला ठिगळ लावण्यापेक्षा त्याच विश्वातला दुसरा प्रसंग निवडावा, ही पुनर्लेखनाची तिसरी रीत मला या हकीकतीत दिसते. दोन्ही ग्रंथ साती ग्रंथांत राहिले, हे त्या रीतीचे यश.

एकनाथ : घर बदलले, काही हरवलेही

एकनाथांनी आपले 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली वाराणसीत पूर्ण केले. अठरा प्रसंग आणि १७१२ ओव्या. भागवताने जे लग्न काही श्लोकांत उरकले, तिथे एकनाथांनी मराठी घरातल्या लग्नाचा सगळा सोहळा भरला. विधी, मानपान, थट्टा, विहिणींचे रुसवे, काही सोडले नाही. बिननावाच्या ब्राह्मणाला सुदेव हे नाव आहे, आई शुद्धमती आहे. हे झाले एक पुनर्लेखन. त्याच ओव्यांत दुसरेही चालू आहे : रुक्मिणी हा जीव, कृष्ण हे ब्रह्म, आणि लग्न म्हणजे त्यांचे ऐक्य. ज्याला सोहळा हवा त्याने सोहळा घ्यावा, ज्याला वेदान्त हवा त्याने वेदान्त. लग्न लवकर ठरावे म्हणून मुलींनी या ग्रंथाचे पारायण करायची चाल पडली, ती कालपरवापर्यंत घरोघर होती.

इथे मला थोडे विरुद्ध बोलायचे आहे. रुक्मिणी जीव झाली की तिचे पोचणे आधीच ठरून जाते. जीव ब्रह्माला मिळणारच, मग त्या मुलीची भीती कशाची? भागवतातल्या पत्रात जो धाक आहे, वेळ चुकली तर सगळे संपले हा, तो रूपकाच्या उजेडात फिका पडतो. पारायणाच्या चालीतही एक उलटेपणा आहे. भावाने ठरवलेले लग्न मोडून स्वतः वर निवडणाऱ्या मुलीची गोष्ट घरच्यांनी ठरवलेले लग्न जुळावे म्हणून वाचली जाऊ लागली. हा एकनाथांचा दोष नव्हे. लोकप्रिय पुनर्लेखनाच्या मागे असे होतेच. ते कथेला इतके घरचे करते की तिच्यातले परके, धोक्याचे काही उरत नाही. पुढच्या लेखकाने पुन्हा हात घालावा तो नेमका तिथे.

जात्यावर आणि रंगमंचावर

बायकांनी जात्यावर तसा हात घातला. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनी संग्रहित झाल्या. असल्या ओव्यांत रुक्मिणी सतत भेटते, पण स्वयंवरातली नव्हे. इथली रुक्मिणी पंढरपुरातली, संसारात पडलेली. विठ्ठल जनीकडे जातो म्हणून ती फुरंगटते, राधेवरून रुसून दिंडीरवनात जाऊन बसते. रथात उडी घेणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न एकाही पंडिताने असा विचारला नाही. पहाटे दळणाऱ्या बाईला तोच प्रश्न खरा वाटला. 'आणि मग ते सुखाने नांदू लागले' या वाक्यानंतरची ही कथा आहे. तिच्यात रूपक नाही, उपदेश नाही, रुक्मिणीविषयी फक्त आपलेपणा आहे.

दुसरी रीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त दिसते. १८८२ सालच्या या नाटकाची गोष्ट सुभद्रेची असली तरी सांगाडा ओळखीचा आहे. थोरला भाऊ नको त्याच्याशी लग्न ठरवतो आणि मुलीला तिच्या मनातला वर पळवून नेतो. फक्त माणसांनी जागा बदलल्या आहेत. रुक्मिणीच्या गोष्टीत पळवणारा कृष्ण आता मुलीचा भाऊ आहे, आणि तिथे रुक्मीची बाजू घेऊन कृष्णाला रागावणारा समजूतदार बलराम इथे स्वतःच रुक्मीसारखा हट्ट धरून बसला आहे. रुक्मिणीही या नाटकात आहे, संसारी बाई म्हणून नवऱ्याशी गप्पा मारते. जुन्या दोन कथांचे प्रेक्षकाला असलेले ज्ञान गृहीत धरून किर्लोस्करांनी विनोद उभा केला आहे. ज्याला रुक्मिणीचे हरण माहीत आहे त्याला कृष्णाचे डावपेच पाहताना दुप्पट गंमत येते. एका कथेतली भूमिका दुसऱ्याला देऊन पाहणे हा पुनर्लेखनाचा फार सोपा आणि फार फलदायी मार्ग आहे.

नाव कुणाचे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा कठीण भाग. रीती कितीही सांगितल्या तरी चोरी कुठे सुरू होते?

नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत एक हकीकत आहे. देवगिरीच्या रामदेवरावाला त्याचे काव्य इतके आवडले की प्रत्येक ओवीमागे एक सोन्याचे नाणे देतो, काव्यावर माझे नाव घाल, असे त्याने सांगितले. आमच्या कविकुळाला बोल लागेल, असे म्हणून नरेंद्राने नकार दिला. राजाला कथेत काही बदलायचे नव्हते. एक अक्षर न लिहिता त्याला फक्त नाव हवे होते.

दुसरी हकीकत एकनाथांची. ज्यांनी रुक्मिणीच्या कथेत मराठी लग्नघर उभे केले, त्याच एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. लोकांनी हौसेने आणि भक्तीने आपापल्या ओव्या ज्ञानेश्वरीत घातल्या होत्या. एकनाथांनी त्या वेगळ्या काढल्या आणि पुढे कुणी तसे करू नये म्हणून सक्त ताकीद लिहून ठेवली. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. स्वतः भागवतात मनसोक्त भर घालणारा माणूस इतरांच्या भरीवर एवढा का रागावला?

माझ्या मते विरोधाभास नाही. राजाला काम न करता नाव हवे होते. ज्ञानेश्वरीत ओव्या घालणाऱ्यांनी काम केले, पण ते ज्ञानदेवांच्या नावाखाली दडवले. पहिल्यात लेखकाचे नाव पळवले जाते, दुसऱ्यात लेखकाच्या तोंडी त्याचे नसलेले शब्द घातले जातात. एकनाथांनी रुक्मिणीच्या कथेत भर घातली ती स्वतंत्र ग्रंथात आणि स्वतःच्या मुद्रेने. त्यांची मुद्राही पाहण्यासारखी आहे : 'एका जनार्दनी'. आपले नाव, आणि त्याला लागून ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव. दोन शब्दांत लेखकाचा हक्क आणि लेखकाचे ऋण एकत्र बसले आहेत. आज दुसऱ्याची चाहतेकथा पुन्हा लिहिणाऱ्याला याहून चांगला नियम सापडणार नाही. तुमची कथा वेगळी, पूर्ण आणि तुमच्या नावाची असू द्या, आणि ज्या कथेवरून ती निघाली तिचे व तिच्या लेखिकेचे नाव पहिल्याच ओळीत सांगा.

एक फरक मात्र विसरता कामा नये. भागवत सर्वांचे आहे. 'प्रतिलिपी'वर लिहिणारी मुलगी जिवंत आहे, तिची कथा कालच आली आहे, आणि मालिकेच्या निर्मात्यांसारखे वकील तिच्या पाठीशी नाहीत. म्हणून तिला आधी विचारायला हवे. ती नाही म्हणाली, तर भास्करभट्टांची वाट मोकळी आहेच : त्याच विश्वातला दुसरा प्रसंग घ्यावा.

केवळ शेवट बदलणे हे मला सगळ्यांत दुबळे पुनर्लेखन वाटते. शेवट पटत नाही तेव्हा बहुधा आधीच्या लेखिकेने न विचारलेला एखादा प्रश्न आपल्याला टोचत असतो. तो शोधला की शेवट बदलायची गरजही उरत नाही. महदाइसेने, नरेंद्राने, एकनाथांनी, दळणाऱ्या बायकांनी रुक्मिणीच्या गोष्टीचा शेवट तसाच ठेवला. प्रत्येकाने प्रश्न मात्र नवा विचारला.

अजून एक प्रश्न शिल्लक आहे. हरलेला, मिशा भादरलेला रुक्मी कुंडिनपुराला परत गेला नाही. बहिणीला परत आणल्याशिवाय गावात पाऊल टाकणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. म्हणून त्याने भोजकट हे नगर वसवले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे, आणि अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते नगर असे मानले जाते. बहिणीने जिवासाठी गयावया केल्यामुळे वाचलेला, आणि त्याच उपकाराने कायमचा खाली मान घातलेला हा भाऊ आमच्याच भागातला. आपल्या बहिणीचे भले आपल्याला कळते असे समजणारे रुक्मी अजून गावोगाव आहेत. रुक्मिणीची बाजू न सोडता रुक्मीची कथा कुणी लिहिली, तर ती या सातशे वर्षांच्या ओळीत शोभेल.